मराठीचे आंग्ल पुराणकार : फादर थॉमस स्टीफन्स

धर्मग्रामाचा महोत्सव साजरा होत असता ज्यांनी त्याचा पाया घातला त्यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करावे, ही आपली जुनी रीत आहे. आपल्या भागात येऊन खपलेल्या मिशनरी फादरांचे, धर्मभगिनींचे व गावोगाव पायी फिरलेल्या धर्मशिक्षकांचे स्मरण या वर्षी ठिकठिकाणी होईलच. आम्ही मात्र वाचकांस त्याहून पुष्कळ मागे, चारशे वर्षांपलीकडे घेऊन जाणार आहोत. भंडारा जिल्ह्यात आपण रविवारी मराठीतून मिस्सा करतो, पेटी व तबल्याच्या साथीवर मराठी गीते गातो, उपवासकाळी क्रूसाच्या वाटेची भक्ती मराठीतून करतो. हे सारे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, ख्रिस्तकथा मराठीत प्रथम विस्ताराने कोणी गायिली, हा प्रश्नही मनात येत नाही. ती गाणारा पुरुष महाराष्ट्रात जन्मला नव्हता, हिंदुस्थानातही जन्मला नव्हता. तो इंग्लंडातील एका व्यापाऱ्याचा पुत्र होता, आणि त्याचे नाव थॉमस स्टीफन्स.

त्यांचे चरित्र या प्रसंगी सांगण्यास आणखीही एक कारण आहे. ख्रिस्ती धर्म परका आहे, असे आपल्या शेजाऱ्यांपैकी कोणी कधी म्हणतो. आणि आपल्यापैकीही काही जण असे मानतात की, भक्तीस परक्या भाषेचा साज चढविला म्हणजे ती अधिक शोभते. हे दोन्ही समज वरवर एकमेकांविरुद्ध दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे. फादर स्टीफन्स यांच्या आयुष्याकडे पाहिले असता या दोहोंचेही उत्तर आपणांस मिळेल, असा आमचा विश्वास आहे.

जन्म, शिक्षण व देशत्याग

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. पोर्तुगीज कागदपत्रांत त्यांचे नाव थोमास इस्तेव्हाँव असे येते. विंचेस्टर येथील नामांकित विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तो काळ इंग्लंडातील कॅथलिकांना फार कठीण होता. १५५८ साली राणी एलिझाबेथ गादीवर आली, तेव्हापासून जुन्या धर्माप्रमाणे उपासना करणारांवर दंडाचा व तुरुंगाचा प्रसंग येऊ लागला. तरुण थॉमस यांची टॉमस पाउंड नामक एका श्रीमंत गृहस्थाशी मैत्री जडली. राजदरबारातील थाटमाट सोडून पाउंड हे धर्मनिष्ठ जीवन जगू लागले होते. दोघांनी मिळून रोमला जावयाचे व येशूसंघात प्रवेश करावयाचा असा बेत केला. संशय येऊ नये म्हणून थॉमस हे पाउंड यांचे नोकर म्हणून त्यांच्याबरोबर हिंडत. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड यांस अटक झाली, व पुढील आयुष्याची बहुत वर्षे त्यांनी तुरुंगांत काढली. थॉमस एकटेच रोमला पोहोचले, आणि १५७५ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी येशूसंघात प्रवेश केला.

त्या काळी संत फ्रान्सिस झेवियर यांस देवाघरी जाऊन पंचवीस वर्षेही झाली नव्हती. पूर्वेकडून त्यांनी धाडलेली पत्रे युरोपातील विद्यालयांत मोठ्या आवडीने वाचली जात. रोममध्ये अध्ययन चालू असता स्टीफन्स यांनी हिंदुस्थानात जाण्याची अनुज्ञा मागितली व ती त्यांना मिळाली.

समुद्रप्रवास

१५७९ सालच्या एप्रिल महिन्याच्या ४ तारखेस पाच गलबतांचा तांडा लिस्बनहून निघाला, त्यात स्टीफन्स होते. या प्रवासाचे वर्णन त्यांनी गोव्यास पोहोचल्यावर आपल्या वडिलांस लिहिलेल्या पत्रात केले आहे. निघतानाचा कर्ण्यांचा व तोफांचा गजर, गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडून दिवसेंदिवस एका जागी खिळलेली जहाजे, उडणारे मासे, जहाजामागून येणारे अक्राळविक्राळ शार्क मासे, हिरड्या सुजून अंगास सूज येणारा खलाशांचा रोग, हे सारे त्यांनी डोळसपणे टिपले आहे. २४ ऑक्टोबर रोजी जहाज गोव्यास लागले. हे पत्र पुढे १५८९ मध्ये लंडन येथे हॅक्लुट यांच्या प्रवाससंग्रहात छापले गेले, व हिंदुस्थानाविषयी इंग्रज व्यापाऱ्यांचे कुतूहल वाढविण्यास ते कारण झाले. हिंदुस्थानात येऊन वस्ती केलेले पहिले इंग्रज म्हणून ज्यांची माहिती इतिहासास आहे ते हेच. व्यापाऱ्यांच्या पुष्कळ आधी एक पुरोहित आला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तत्कालीन गोवा

स्टीफन्स ज्या गोव्यात उतरले ते शहर त्या वेळी पृथ्वीच्या अर्ध्या भागाशी जोडलेले होते. लिस्बन, मोझांबिक, मलाक्का, मकाव व जपान येथून गलबते तेथे येत. पुढच्याच वर्षी, म्हणजे १५८० मध्ये, पोर्तुगालचे राज्य स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याकडे गेले, आणि १६४० पर्यंत दोन्ही देशांचे मुकुट एकाच मस्तकावर राहिले. म्हणजे स्टीफन्स यांचे गोव्यातील जवळजवळ सगळे आयुष्य स्पेनच्या राजांच्या अमलाखाली गेले. मेक्सिकोपासून मनिलापर्यंत व लिस्बनपासून नागासाकीपर्यंत एकाच राजसत्तेची जहाजे फिरत होती, आणि त्यांच्याबरोबर मिरी व चांदी यांखेरीज चित्रे, मूर्ती, वाद्ये, पुस्तके व कारागीरही फिरत होते. मेक्सिकोतील मूळचे रहिवासी पक्ष्यांची रंगीत पिसे चिकटवून ख्रिस्ताची चित्रे करीत. असे एक चित्र १५३९ मध्ये पोपमहाशयांसाठी तयार करण्यात आले होते. मनिला येथे चिनी कारागीर हस्तिदंतात पवित्र मरियेच्या मूर्ती कोरीत. जपानात जिओव्हान्नी निकोलो या इटालियन येशूसंघीयाने जपानी मुलांना रंगकाम शिकविले.

गोव्यातही हेच चालले होते. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिस्ती मूर्ती हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असा नियम केला. नियम करावा लागला, यावरूनच तसे काम चालत होते हे उघड होते; आणि नियमानंतरही ते थांबले नाही. हस्तिदंतात कोरलेला उत्तम मेंढपाळ बाळयेशू हा गोव्याच्या कारागिरांचा फार आवडता विषय. टेकडीच्या माथ्यावर बाळ मेंढपाळ हातावर गाल टेकून डोळे मिटून बसला आहे, अंगाखांद्यावर व पायाशी मेंढरे आहेत, खाली झऱ्याचे पाणी पीत पाखरे व पशू आहेत, अशी ही मूर्ती. कथा शुभवर्तमानातील, परंतु ती मिटलेल्या डोळ्यांची शांती पाहून कित्येकांस बुद्धमूर्तीची आठवण होते. पवनीच्या स्तूपांचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यातील वाचकांस त्याचे नवल वाटू नये. गोव्यातील कित्येक जुन्या ख्रिस्तमंदिरांत प्रवचनपीठाच्या खालच्या बाजूस नागकन्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. धर्मोपदेशकाने वर उभे राहून लॅटिन व पोर्तुगीज शब्द उच्चारावेत, आणि त्याचा भार मात्र या भूमीतील नागकन्यांनी तोलावा, असा तो योग आहे.

स्टीफन्स यांच्या आगमनानंतर तीन-चार आठवड्यांतच फादर रुडॉल्फ अक्वाव्हिवा हे अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून गोव्याहून फत्तेपूर सिक्रीस निघाले. राजा फिलिपच्या आश्रयाने अँटवर्प येथे छापलेले अनेक भाषांतील पवित्र शास्त्र व पवित्र मरियेचे चित्र त्यांनी बादशहास दाखविले. बादशहाने त्या वस्तूंचा मोठा सन्मान केला, व त्याच्या दरबारातील चित्रकारांनी त्यांतील चित्रांवरून आपल्या पद्धतीने नवी चित्रे काढली. अशा प्रकारे कलेची देवघेव सर्वत्र चालली होती. स्टीफन्स यांच्या वाट्यास मात्र रंग किंवा हस्तिदंत आले नाही. त्यांच्या वाट्यास शब्द आला.

साष्टीतील सेवा

१५८० साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली, व थोड्याच काळात त्यांची नेमणूक गोव्याच्या दक्षिणेस साष्टी प्रांतात झाली. मधला अल्प काळ सोडला तर आमरण सुमारे चाळीस वर्षे त्यांनी याच प्रांतात सेवा केली. काही काळ ते तेथील येशूसंघाच्या विद्यालयाचे प्रमुख होते. पण त्यांचा मुख्य व्यवसाय गावोगावच्या लोकांना धर्म शिकविण्याचा, पापनिवेदने ऐकण्याचा व आजाऱ्यांस भेटण्याचा, म्हणजे साध्या धर्मग्रामाच्या फादराचाच होता.

साष्टीत त्या काळी जे घडत होते ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १५६७ साली पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी तेथील शेकडो देवळे पाडली होती. हिंदूंच्या पोथ्या जप्त होत, सणसमारंभांवर बंदी येई. लोकांच्या मनात राग धुमसत होता. १५८३ च्या जुलै महिन्याच्या २५ तारखेस कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी फादर अक्वाव्हिवा व त्यांच्या चार येशूसंघीय सोबत्यांस, तसेच त्यांच्याबरोबरच्या काही ख्रिस्ती जनांस ठार केले. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचा वध केला. हुतात्म्यांना ख्रिस्तसभेने १८९३ मध्ये धन्य म्हणून घोषित केले आहे, व त्यांच्या धैर्यास आम्ही नमन करतो. तथापि विश्वासघाताने मारल्या गेलेल्या त्या गावकऱ्यांसाठीही अश्रू ढाळणे हे ख्रिस्ती मनाचेच लक्षण होय. स्टीफन्स त्या वेळी साष्टीतच होते, व हुतात्म्यांचे देह परत मिळविण्याच्या कामी ते झटले. दोन्ही बाजूंचे रक्त सांडलेल्या त्या भूमीतच त्यांस पुढली छत्तीस वर्षे राहावयाचे होते.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांनी आपल्या भावास लॅटिनमध्ये एक पत्र लिहिले. तीन महिन्यांपूर्वी इतका भयंकर प्रसंग घडला असताही त्या पत्रात येथील भाषांविषयी आदर व आश्चर्य आहे. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. युरोपातील पंडितांनी या नात्याचा पद्धतशीर विचार करण्यास त्यानंतर दोनशे वर्षे लागली.

त्यांच्या स्वभावाची एक आठवण येथे नोंदविली पाहिजे. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी, विल्यम लीड्स व जेम्स स्टोरी हे चार इंग्रज हेर समजून पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात पडले. स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांस जामिनावर सोडविले. यांतील स्टोरी हा चित्रकार होता. गोव्यात चित्रकारांची वाण असल्याने येशूसंघीयांनी त्यास आश्रय दिला, व त्याने त्यांच्या ख्रिस्तमंदिरात रंगकाम केले. पुढे त्याने मठ सोडून शहरात दुकान थाटले व तेथेच संसार मांडला. लीड्स हा जवाहिऱ्या अकबराच्या चाकरीस गेला. पाहा, एका तुरुंगातून सुटलेली माणसे कोठकोठे पोहोचली!

ख्रिस्तपुराणाची रचना

धर्मांतरित लोकांची एक व्यथा स्टीफन्स यांनी ओळखली, हेच त्यांचे खरे मोठेपण होय. या लोकांचे वाडवडील रात्री देवळात बसून पुराण ऐकत. कथा ऐकणे, ओवी गुणगुणणे, तिच्यावर डोलणे हा त्यांच्या जीवनाचा भाग होता. नव्या धर्मात त्यांस प्रश्नोत्तरी मिळाली, आज्ञा मिळाल्या, प्रार्थना मिळाल्या. पण पुराण मात्र हिरावले गेले, आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. माणसाची बुद्धी प्रश्नोत्तरीने समजूत करून घेते, मन मात्र कथेवाचून उपाशी राहते. आपल्या ग्रंथाच्या आरंभी स्टीफन्स यांनी हीच मागणी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या मुखी घातली आहे, व त्याच्या विनंतीस मान देऊन पाद्री गुरू कथा सांगू लागतात, अशी ग्रंथाची मांडणी आहे.

ही कथा सांगण्यापूर्वी त्यांनी स्वतः शिष्यत्व पत्करिले होते. साष्टीतील येशूसंघीय मराठी व कोंकणी ग्रंथांचा अभ्यास करीत. रोमन लिपीत उतरून घेतलेल्या रामायण-महाभारतातील कथांची हस्तलिखिते पोर्तुगालमध्ये ब्रागा येथील ग्रंथालयात जतन झाली आहेत, त्यांवरून या अभ्यासाची खोली कळते. हा काळ संत एकनाथांचा होता, हेही ध्यानात घ्यावे. नाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये पुरे केले, आणि पुढे ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. जी ओवी पैठणास गोदावरीकाठी वाहत होती तीच साष्टीतील खेड्यांतही पोहोचली होती. आपल्या वैनगंगेकाठी आंभोरा येथे मुकुंदराजांनी विवेकसिंधू रचिला, असे आपल्या भागातील लोक मानतात. रोवणीच्या चिखलात उभ्या राहून आपल्या माता-भगिनी जी गाणी म्हणतात व जात्यावर आपल्या आज्या जी ओवी म्हणत, तिचेच ते शिष्ट रूप. परदेशी पाद्रीने हीच ओवी हाती घेतली. इटली, पोर्तुगाल वा इंग्लंड येथील वृत्त त्याने येथे आणून रोविले नाही.

ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या संदेष्ट्यांपर्यंतचा जुना करार येतो, व दुसऱ्यात येशू ख्रिस्ताचा जन्म, शिकवण, दुःखसहन, मरण, पुनरुत्थान व स्वर्गारोहण. पहिल्या भागात ३६ व दुसऱ्यात ५९ अध्याय असून त्यांस अवस्वरू असे नाव आहे. ओव्यांची एकूण संख्या सुमारे ११,००० भरते. पुराणाच्या रीतीस अनुसरून आरंभी नमन आहे. ते देवपित्यास, पुत्रास व पवित्र आत्म्यास आहे, व पुढे पवित्र मरियेस वंदन आहे. स्वर्गास त्यांनी वैकुंठ म्हटले, ख्रिस्तास स्वामी म्हटले. येशू, क्रूस यांसारखे जे शब्द बदलले असता अर्थ ढळेल ते मात्र तसेच ठेविले. भाषा मराठी असून तीत साष्टीच्या लोकांस समजावे म्हणून कोंकणी शब्द मिसळलेले आहेत. ग्रंथारंभी मराठी भाषेची जी स्तुती त्यांनी केली आहे तिच्यामुळे ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकांसही त्यांचे नाव परिचित झाले, व शाळेच्या पुस्तकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडी बसली.

येथे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो. ज्यांची देवळे पाडली व पोथ्या नेल्या, त्यांच्याच ओवीत त्यांस नवी कथा ऐकविणे, हे देणे होते की घेणे? आमच्या मते ते दोन्ही होते. राज्यकर्त्यांच्या तरवारीची सावली या ग्रंथावर पडलेली आहे व ती पुसून टाकण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु त्याच राज्यात लोकांची भाषा ही खालची, अपवित्र, निषिद्ध असे मानणारे पुष्कळ होते. त्यांच्यामध्ये उभे राहून या पुरुषाने ती भाषा देवाच्या कथेस योग्य आहे, असे आपल्या ग्रंथाने सिद्ध केले. जो केवळ देऊ पाहतो तो मालक होतो. स्टीफन्स यांनी देण्यापूर्वी घेतले, व जे घेतले त्याचे ऋण उघडपणे मान्य केले.

मुद्रणाचा प्रयत्न

गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. तो वास्तविक हबसाणात जावयाचा होता. योगायोगाने गोव्यास राहिला, व हुआन दे बुस्तामांते या स्पॅनिश येशूसंघीयाने तो चालविला. परंतु मराठी लिपीचे खिळे तेथे नव्हते. १६०८ साली स्टीफन्स यांनी येशूसंघाच्या प्रमुखांस रोम येथे पत्र लिहून देशी लिपीत छपाई करण्याची सोय व्हावी अशी विनंती केली. जोडाक्षरांमुळे या लिपीस सुमारे सहाशे साचे लागतील अशी अडचण सांगितली जाई. ते दोनशेंवर आणता येतील, असा हिशेबही त्यांनी मांडला. ती विनंती फळास आली नाही. अखेर १६१६ मध्ये रायतूर, म्हणजे राचोल, येथे ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापून निघाले. मराठी कवितेचा देह रोमन अक्षरांच्या अंगरख्यात लोकांपुढे आला. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या.

त्यांचे आणखी दोन ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर राचोल येथेच छापले गेले: १६२२ मध्ये कोंकणी प्रश्नोत्तरी, व १६४० मध्ये कोंकणी भाषेचे व्याकरण. या व्याकरणात फादर दियोगू रिबैरू यांनी भर घातली होती. हिंदुस्थानातील कोणत्याही लोकभाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याची ख्याती आहे.

मृत्यू व ग्रंथाचे भवितव्य

फादर स्टीफन्स १६१९ मध्ये, वयाच्या सुमारे सत्तराव्या वर्षी, गोव्यातच निवर्तले. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी सोडलेला मायदेश त्यांनी पुन्हा पाहिला नाही. त्यांचे पुराण मात्र लोकांच्या मुखी राहिले. रविवारी व सणांच्या दिवशी ते ख्रिस्तमंदिरांत गाऊन वाचीत, आणि ऐकणारांचे डोळे पाणावत. त्यांच्या वाटेने इतरही गेले. फ्रेंच येशूसंघीय एतियेन दे ला क्रुआ यांनी १६२९ मध्ये पीटर पुराण प्रसिद्ध केले.

पुढे वारे फिरले. १६८४ च्या जून महिन्यात गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम केला. ज्या भाषेत स्टीफन्स यांनी ख्रिस्त गायिला तीच भाषा ख्रिस्ती राज्यकर्त्यांस नकोशी झाली. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हाताने नकला करणाऱ्या साध्या भाविकांमुळे. गोवा सोडून दक्षिणेस मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्याबरोबर या पोथ्या नेल्या. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये त्यांस श्रीरंगपट्टणास बंदिवान करून नेले, त्या दीर्घ कैदेत याच ओव्यांनी त्यांची श्रद्धा जिवंत ठेविली, असे त्या समाजात परंपरेने सांगतात. मंगळूर येथेच १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून ग्रंथ पुन्हा रोमन लिपीत छापिला. पुढे लंडन येथील मार्सडेन संग्रहात देवनागरी लिपीतील हस्तलिखित आढळले, व १९२३ मध्ये जस्टिन अ‍ॅबट यांनी त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधिले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुणे येथे देवनागरी आवृत्ती काढिली, व १९९६ मध्ये फादर कॅरिडाड द्रागो यांची आवृत्ती मुंबईस निघाली. मराठी लिपीत छापले जावे ही स्टीफन्स यांची इच्छा अशा रीतीने सुमारे साडेतीनशे वर्षांनी पूर्ण झाली.

उपसंहार

आपल्या नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ मध्ये झाली. संत फ्रान्सिस दे सेल्स यांच्या नावाच्या संघाचे जे मिशनरी सावॉयच्या डोंगराळ मुलखातून या भागात आले, त्यांनाही लोकांची बोली शिकूनच कामास लागावे लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६२ ते १९६५ या काळात लोकभाषेतील उपासनेस दार उघडले, तेव्हा स्टीफन्स यांनी साष्टीत चोखाळलेली वाट साऱ्या ख्रिस्तसभेची वाट झाली.

म्हणून, ख्रिस्ती धर्म परका आहे असे कोणी म्हटल्यास रागावू नये. पेरणारा कोठूनही येवो, बी ज्या मातीत रुजते त्या मातीचे ते होते; मात्र ते रुजावयास हवे. पोर्तुगीजांच्या फर्मानाने हिरावली नसेल तितकी आपली भाषा आपण होऊन हातची घालवू शकतो, ही भीती आम्हांस वाटते. आपली मुले इंग्रजी शाळांत जातात, ती अवश्य जावोत. इंग्रजीच मातृभाषा असलेल्या एका पुरुषाचे हे चरित्र आहे, तेव्हा त्या भाषेचा द्वेष आम्ही कसा करावा? पण संध्याकाळी घरातील दिव्यापाशी जपमाळ म्हणताना ज्या मुलास आपल्या आजीचे शब्द कळत नाहीत, त्याची श्रद्धा एका पिढीत पाहुणी होऊन बसते.

या महोत्सवी वर्षी धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने शुभवर्तमानातील एक तरी कथा मराठीतून मुलांस सांगावी, आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक असलेली जुनी भक्तिगीते लिहून ठेवावीत, आणि ज्यांस शब्दांची व सुरांची देणगी आहे अशा तरुणांनी नवी रचना करण्यास संकोचू नये, एवढीच आमची विनंती आहे. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या एका पुरोहिताने चाळीस वर्षे शिकून आपल्या भाषेस जो मान दिला, तो आपण तिच्या पोटी जन्मलेल्यांनी तरी तिला द्यावा. ज्याने शब्द होऊन आमच्यामध्ये वस्ती केली तो प्रभू या धर्मग्रामास, येथील घराघरांस व येथील भाषेस आपला आशीर्वाद देवो.